खान्देशातली आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी डॉक्टरकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीएएमएस, नवरा बीएचएमएस, जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला दोघांचा मिळून दवाखाना आहे. नीटचा निकाल लागला की पोरं आणि त्यांचे आईबाप विचारायला येतात, इंटर्नशिप संपलेले ज्युनियर फोन करतात, आणि पेशंट तर रोजच काही ना काही विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. जे बघितलंय आणि जे पक्कं माहितीय तेवढंच लिहिलंय.

बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस यात फरक काय, किती वर्षं लागतात?

बीएएमएस आयुर्वेदाची, बीएचएमएस होमिओपॅथीची, बीयूएमएस युनानीची डिग्री. तिन्हीला साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षं. प्रवेश नीटमधूनच होतो. आपल्याकडच्या कॉलेजांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. पुढं एमडी-एमएस करायचं तर एआयएपीजीईटी नावाची वेगळी परीक्षा. योग-निसर्गोपचाराची बीएनवायएस म्हणून अजून एक डिग्री आहे, ती पण साडेपाच वर्षांची, पण आपल्या भागात त्याचे डॉक्टर फार दिसत नाहीत.

आणि लोकांना वाटतं तसं "सोपा अभ्यास" वगैरे काही नसतो. शरीररचना, शवविच्छेदन, पॅथॉलॉजी, प्रसूती हे सगळं असतंच, वर बीएएमएसला चरक-सुश्रुत-वाग्भट मुळातून संस्कृतात वाचावे लागतात. सेमी इंग्लिशमधून आलेल्या पोरांना पहिलं वर्ष फार जड जातं, तेव्हा आईबापांनी जरा धीर धरावा.

हे डॉक्टर खान्देशात नक्की काम कुठं करतात?

जिथं एमबीबीएस बसत नाही तिथं सगळीकडं, असं म्हटलं तरी चालेल. रावेर-यावलचा केळीपट्टा घ्या, चोपडा-अमळनेर-पारोळ्याची कपाशीची गावं घ्या, साक्रीचा डोंगराळ भाग, शिरपूर, शहादा, तळोदा, कुठल्याही बऱ्यापैकी गावात जा, बस थांब्याजवळ जो दवाखाना दिसेल तो नव्वद टक्के वेळा आमच्यापैकी कोणाचा तरी असतो. हा आकडा सरकारी नाही, माझा नजरेचा अंदाज आहे.

शहरात चित्र वेगळं. जळगाव-धुळ्याच्या खाजगी हॉस्पिटलात रात्रीचा आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर कोण, आयसीयूत ड्युटीला कोण, तर बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेली पोरं-पोरी. बोर्डावर नाव मोठ्या सर्जनचं, पण रात्री तीन वाजता पेशंटचा बीपी पडला की धावणारा हाच. या पोरांचं काम कोणाच्या हिशोबात धरलं जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. बारा बारा तासाच्या ड्युट्या, सुट्टी मागितली की कपाळावर आठ्या, आणि पगार विचारू नका.

काही जण शुद्ध आयुर्वेदाचं पंचकर्म सेंटर चालवतात, काही फक्त होमिओपॅथी करतात, अक्कलकुव्याला युनानीचं कॉलेज आहे त्यामुळं त्या बाजूला आणि भुसावळ-जळगावात युनानीचे डॉक्टर पण बरेच, त्यांच्याकडं हिजामा म्हणजे कप लावून रक्त काढायच्या कपिंगला गर्दी असते. चांद्र महिन्याच्या सतरा, एकोणीस, एकवीस या तारखांना लोक मुद्दाम येतात.

दिवस कसा असतो?

पिकावर अवलंबून असतो, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. सकाळची ओपीडी शेतात जायच्या आधी नाहीतर मग दुपारी, आणि खरी गर्दी संध्याकाळी सहानंतर, बाया मजुरीवरून आल्यावर. कपाशी वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दसऱ्यापासून पुढं, कंबर, मान, बोटांना चिरा, खाज. केळी कापणीचे मजूर खांद्यावर घड वाहून वाहून खांदा धरून येतात. नंदुरबारला मिरची पथारीवर काम करणाऱ्या बायांचा खोकला आणि हातापायाची आग, ती नुसत्या औषधानं जात नाही, काम तेच राहिलं तर आजार पण तोच राहतो. जळगावला डाळ मिलमधले लोक शिंका आणि दम घेऊन येतात. पावसाळ्यात ताप, मलेरिया, डेंग्यू, जुलाब. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, तेव्हा ओपीडी दुपारी बंदच ठेवावी लागते आणि चक्कर येऊन पडलेला माणूस आला तर सगळं सोडून आधी त्याला बघायचं.

सणांचा पण हिशोब असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की ज्या तक्रारी त्या सासरी वर्षभर सांगू शकल्या नाहीत त्या आईला घेऊन सांगायला येतात. कानबाई देवीच्या सणाचे रोट जेवून झाले की दुसऱ्या दिवशी अपचनाचे पेशंट. थंडीत शेतात भरीत पार्ट्या सुरू झाल्या की मूळव्याध उठते, आणि आम्ही कितीही पथ्य सांगा, समोरचा म्हणतो "मॅडम, शेवभाजी सोडतो, पण भरीतचं काही सांगू नका".

भाषा यायलाच हवी हो. अहिराणी, लेवा बोली, वर सातपुड्याकडं पावरी, भिली. म्हातारी आजी "डोकं दुखस, चक्कर येस, काय करू ना माय" असं म्हणते तेव्हा तिला पुस्तकी मराठीत उलट प्रश्न विचारले तर ती गप्प बसते. "काय व्हयनं" एवढं विचारलं तरी ती सगळं सांगते. होमिओपॅथीवाल्याचं तर अर्धं काम म्हणजे हेच बोलणं.

पंचकर्म म्हणजे मसाजच ना?

नाही, आणि हा गैरसमज हॉटेल-रिसॉर्टवाल्यांनी जास्त पसरवलाय. पंचकर्म म्हणजे वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (गुदमार्गानं औषध), नस्य (नाकात औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं). तेलाचं मालिश आणि वाफ, म्हणजे स्नेहन-स्वेदन, ही त्याची पूर्वतयारी. वमन द्यायचं तर आधी तीन ते सात दिवस रोज वाढत्या प्रमाणात औषधी तूप प्यायला द्यायचं, रोज लक्षणं बघायची, मग एक-दोन दिवस मालिश आणि शेक, मग ठरलेल्या दिवशी भल्या पहाटे पेशंटला बसवून पोटभर दूध किंवा ज्येष्ठमधाचा फांट पाजून मदनफळाचं औषध द्यायचं. मग उलटीचा प्रत्येक वेग मोजत शेजारी उभं राहायचं, नाडी, बीपी, घाम, सगळं बघत. उत्तम शुद्धी झाली तर आठ वेग, मध्यम सहा, कमी झाली तर चार असा हिशोब ग्रंथात आहे. त्यानंतर तीन, पाच किंवा सात दिवस पेजेपासून सुरू करून हळूहळू जेवणावर आणायचं. म्हणजे एका पेशंटमागं दोन-अडीच आठवडे जातात, आणि पेशंटला वाटतं एका सकाळीच झालं सगळं.

ऋतू पाळावे लागतात. वमन वसंतात, बस्ती पावसाळ्यात, विरेचन-रक्तमोक्षण शरदात. पण खान्देशात मार्चच्या मध्यापासूनच ऊन असं तापतं की वसंताचं वमन शिवरात्रीच्या आसपास उरकलेलं बरं, हा माझा अनुभव. मे महिन्यात कोणी मोठं स्वेदन करा म्हणाला तर मी सरळ नाही म्हणते.

यात अंगमेहनत आहे. मालिश करणारे मदतनीस शिकवून तयार करावे लागतात, बाईपेशंटला बाईच लागते, तेलाची भांडी, द्रोणी, चादरी, गरम पाणी, रोज रात्री सगळं धुवून ठेवायचं. शिकवलेला मदतनीस सहा महिन्यांत सुरतला जास्त पगारावर निघून जातो, मग परत पहिल्यापासून. जळवा लावल्या तर एका पेशंटची जळू दुसऱ्याला लावायची नाही, आणि रक्ताचा कापूस साध्या कचऱ्यात टाकायचा नाही.

क्षारसूत्र म्हणजे काय, भगंदराला (गुदद्वाराजवळच्या वाहत्या नळीला) लोक त्यासाठीच का येतात?

कारण यात खरंच गुण येतो आणि अभ्यास पण झालेत. मजबूत धाग्यावर निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकावर एक मिळून २१ लेप देतात, आधी नुसत्या चिकाचे ११, मग चीक आणि क्षाराचे ७, शेवटी चीक आणि हळदीचे ३. हा दोरा भगंदराच्या मार्गातून ओवतात आणि आठवड्याला बदलतात. मार्ग हळूहळू कापला जातो, मागून भरून येतो. वेळ लागतो, दुखतं पण, पण पेशंट चालत येतो आणि चालत घरी जातो, मजुरी फार बुडत नाही. आमच्याकडं ट्रॅक्टर आणि मोटारसायकलवर दिवस काढणारे पेशंट फार, त्यांना हे परवडतं. मात्र हे शल्यतंत्र म्हणजे आयुर्वेदातली शस्त्रक्रिया शिकलेल्याकडूनच करून घ्या. गावात "मूळव्याधचा गॅरंटी इलाज" असा रंगवलेला बोर्ड लावून डिग्रीशिवाय इंजेक्शनं देणारे बसलेत, त्यांच्यामुळं बिघडलेल्या केसेस आमच्याकडं येतात आणि बघवत नाहीत.

होमिओपॅथीचं काम वेगळं कसं? आणि त्यात तथ्य आहे का?

नवऱ्याचं काम रोज बघते म्हणून सांगते. नवीन जुनाट केस आली की पाऊण-एक तास नुसती ऐकण्यात जातो. तहान किती, झोप कशी, घाम कुठं येतो, भीती कशाची वाटते, गोड आवडतं का खारट, घरात काय चाललंय, सगळं लिहून घ्यायचं, मग रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध सापडतं तो कोश, उघडून औषध शोधायचं. ओपीडीत वीस जण थांबलेले असताना हे करणं अवघड असतं.

तथ्याचा प्रश्न टाळायचा नाही. ही पद्धत हानेमान या जर्मन डॉक्टरची, त्यांचा ऑर्गेनन ग्रंथ १८१० चा. औषध इतक्या वेळा पातळ करतात की १२ सी, म्हणजे बारा वेळा शंभरपट पातळ केलं, की त्यापुढं मूळ पदार्थाचा एखादा कणही राहण्याची शक्यता उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं की कुठल्याही आजारात ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. दुसरीकडं रोज येणारे पेशंट आहेत, ज्यांना बरं वाटतं. आम्हा दोघांचं यावर घरात बोलणं होतं आणि आमचं एक ठरलंय, की शुगर, बीपी, फिट, टीबी, थायरॉईड यांची चालू गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही, आणि लेकराचं लसीकरण टाळायचं नाही. एवढं जो डॉक्टर पाळत नाही त्याच्याकडं जाऊ नका, मग तो माझा वर्गमित्र का असेना.

तुम्ही लोक इंग्लिश औषधं देता, ते कायदेशीर आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त अर्धवट माहिती असलेला प्रश्न हाच, त्यामुळं जरा सविस्तर.

सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये मुख्तियार चंद केसमध्ये सांगितलं की आधुनिक औषधं लिहायचा हक्क राज्याच्या कायद्यानं दिला असेल तरच आहे, नुसत्या आयुर्वेदाच्या डिग्रीवर नाही. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आहे आणि २५ नोव्हेंबर १९९२ च्या सरकारी आदेशानं नोंदणी असलेल्या आयुर्वेद-युनानी डॉक्टरांना आधुनिक औषधं वापरायला परवानगी आहे. म्हणून आपल्या राज्यात बीएएमएसनं तापाची गोळी लिहिली तर तो गुन्हा नाही, पण हेच दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. ज्यांना शहादा-तळोद्यावरून पलीकडं गुजरातेत किंवा शिरपूर-रावेरवरून मध्य प्रदेशात दवाखाना टाकायचाय त्यांनी आधी तिथला नियम विचारून घ्या.

होमिओपॅथीचं वेगळं. १९९६ ची पूनम वर्मा केस प्रत्येक बीएचएमएसनं वाचलीच पाहिजे. होमिओपॅथी डॉक्टरनं टायफॉईड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला, आणि कोर्टानं तो निष्काळजीपणा धरला. नंतर २०१४ मध्ये राज्यानं कायदा बदलून एक वर्षाचा सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स, केलेल्या होमिओपॅथना मर्यादित मुभा द्यायचं ठरवलं. त्यावर आयएमए, म्हणजे ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना, कोर्टात गेली, २०२५ मध्ये या डॉक्टरांच्या नोंदणीवरून मोठा वाद आणि संपही झाला. त्यामुळं ज्यांनी कोर्स केला नाही त्यांनी तर हात लावूच नये, आणि ज्यांनी केलाय त्यांनी कौन्सिलचे ताजे आदेश बघत राहावेत.

गर्भपात आणि सोनोग्राफी आमच्यापैकी कोणीच करायची नाही, यात कुठलाही दुसरा अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात लहान मुलींचं प्रमाण किती खाली गेलेलं होतं ते आठवा, म्हणजे याबद्दल एवढं कडक का बोलते ते कळेल.

आता मनातलं. कायदा परवानगी देतो म्हणून दिसेल त्याला सलाईन आणि दोन इंजेक्शनं, हे मला पटत नाही. गावात पेशंटच मागतो, "सुई मारा ना, एका सुईत उठतो", आणि नाही म्हटलं तर शेजारच्या गल्लीत जातो. हा दबाव खरा आहे, नव्या पोरांना भाडं भरायचं असतं. तरी व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक न देता परत पाठवायची हिंमत पहिल्या वर्षापासून ठेवा, नंतर सवय लागत नाही.

आयुर्वेदवाले ऑपरेशन करू शकतात का?

एमएस आयुर्वेद, म्हणजे शल्य आणि शालाक्य शिकलेले, करू शकतात. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत ५८ शस्त्रक्रियांची यादी दिलीय, ३९ सर्वसाधारण आणि १९ डोळे-कान-नाक-दाताच्या. आयएमएनं त्याविरुद्ध ११ डिसेंबरला बंद पाळला होता. साध्या बीएएमएसला ही मुभा नाही.

कमाई किती होते? खरं सांगा.

सुरुवातीला कमी, आणि बराच काळ कमी. आमच्या भागात खेड्यावर तपासणी फी ५० ते १०० रुपये, त्यात बऱ्याचदा दोन दिवसाच्या गोळ्या पण द्याव्या लागतात. त्यातून भाडं, कंपाउंडर, लाईट, औषधाचं बिल. उधारी कपाशी विकली की मिळते, आणि ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी मिळत नाही, आणि मागायला तोंड होत नाही कारण त्या घरची परिस्थिती आपल्यालाच माहीत असते. केळीवाल्यांकडं पैसा वर्षभर फिरतो, त्यामुळं रावेर-यावलच्या दवाखान्याचा हिशोब पारोळ्याच्या दवाखान्यापेक्षा वेगळा असतो, जागा निवडताना हे बघा.

खाजगी कॉलेजची फी भरायला शेत विकलं किंवा गहाण टाकलं आणि वाटलं की दोन वर्षांत निघेल, तर तसं होत नाही. आईबापांनी हे आधी ऐकावं, नंतर पोराला दोष देऊ नये. चार-पाच वर्षं एका जागी टिकून राहिलं, बोलणं चांगलं असलं, रात्रीचा फोन उचलला, तर हळूहळू घरं जोडली जातात आणि मग नीट चालतं.

कट प्रॅक्टिसबद्दल पण विचारतात. पेशंट पाठवला की मोठ्या हॉस्पिटलकडून पाकीट येतं, लॅबकडून येतं, हे चालतं, सगळ्यांना माहितीय. मी घेत नाही आणि कोणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ते पैसे त्याच कपाशी वेचणाऱ्या बाईच्या बिलात चढवलेले असतात.

सरकारी नोकरीचे मार्ग कोणते?

बऱ्यापैकी आहेत, पण बहुतेक कंत्राटी. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या आरबीएसके पथकात दोन आयुष डॉक्टर असतात, एक पुरुष, एक स्त्री, अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा. १०८ ॲम्ब्युलन्सवरचे डॉक्टर बहुतेक आमचेच, २०१४ पासून. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून लागता येतं, त्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं ठरलेलं मानधन आणि वर कामावर मोबदला असतो. तो मोबदला वेळेवर येत नाही ही सगळ्यांची तक्रार.

आदिवासी भागात नवसंजीवन योजनेतलं भरारी पथक आहे, तिथले मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणजे बहुतांश बीएएमएस. कुपोषित लेकरं शोधायची, गरोदर बाई डोंगरावरून खाली आणायची, पाड्यापाड्यावर पायी जायचं. कायम होण्यासाठी या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत.

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडं काम करायला जावं का?

जावं. निदान दोन-तीन वर्षं तरी, आणि जाण्याआधी मनाची तयारी करून. नर्मदेच्या काठच्या गावांना तर बोटीतला तरंगता दवाखाना जातो, कारण रस्ताच नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथं बराच आहे, त्यामुळं अंगदुखी आणि अशक्तपणा म्हटला की नुसती लोहाची गोळी देऊन मोकळं व्हायचं नाही, सिकलसेलची तपासणी करूनच घ्यायची. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात, होळीला भोंगऱ्याच्या बाजारापर्यंत परततात. म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स लिहिला तर तो पुरा होणारच नाही, औषध देताना "तू गावात किती दिवस आहेस" हे आधी विचारा.

भगत आणि वैदू लोकांशी भांडायला जाऊ नका. पेशंट आधी त्यांच्याकडं जाणार, हे धरूनच चाला. त्यांच्यातल्या काहींना मुसळी, शतावर, बेहडा, हिरडा यांची जंगलातली ओळख आपल्या द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या, प्रोफेसरपेक्षा चांगली असते, मी त्यांच्याकडून वनस्पती ओळखायला शिकलेय. पण पोटावर चटके दिलेलं बाळ आलं तर तिथं गप्प बसायचं नाही. भगताशी ओळख ठेवली तर तोच पुढच्या वेळी "आधी डॉक्टरकडं ने" म्हणतो, हे घडताना बघितलंय.

आयुर्वेदिक औषधाला साईड इफेक्ट नसतात ना?

असतात. हे वाक्य दवाखान्यात चिटकवून ठेवावं असं वाटतं. भिलावा उतला म्हणजे काय होतं हे आपल्या सातपुड्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, अंग सुजून फोड येतात, आणि तोच भिलावा शुद्ध करून औषध म्हणून वापरतात. बचनाग, कुचला हे सरळ विष आहे, शोधन केल्याशिवाय चालत नाही. औषध कायद्याच्या ई-१ परिशिष्टात अशा द्रव्यांची यादीच आहे आणि ती असलेल्या औषधावर डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्या अशी सूचना छापावीच लागते. कोरोनात सगळ्यांनी गुळवेल उकळून उकळून प्यायली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, पण मी तेव्हापासून लिव्हरचा त्रास असलेल्याला विचारल्याशिवाय काहीच देत नाही.

आणि आठवडे बाजारात मिळणारी सांधेदुखीची बिनलेबलची पुडी. दोन दिवसात म्हातारा धावायला लागतो, महिन्याभरात तोंड सुजून गोल, शुगर वाढलेली. त्यात स्टिरॉईड कुटून घातलेलं असतं. अशी पुडी खूप दिवस घेतली असेल तर एकदम बंद पण करू नका, ते पण धोक्याचं, पुडी घेऊन डॉक्टरकडं या, कोणी ओरडणार नाही.

दवाखाना टाकायला कागद कोणते लागतात?

कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आयुर्वेद-युनानीला महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीला होमिओपॅथी कौन्सिल, आणि ते वेळेवर रिन्यू केलेलं. सर्टिफिकेट भिंतीवर दिसेल असं लावा. जैविक कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या ओपीडीला पण लागू आहेत. कॉट टाकून पेशंट ॲडमिट करणार असाल तर नर्सिंग होम कायद्याची नोंदणी वेगळी. बोर्डावर डिग्री जशी आहे तशीच लिहा, "स्पेशालिस्ट" जोडू नका.

"गॅरंटीने बरा करतो" अशी जाहिरात करता येते का?

नाही. १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्यात मधुमेह, कॅन्सर, मूल होणं, लैंगिक ताकद अशा बऱ्याच गोष्टींच्या औषधांची जाहिरात बंद आहे.

सहा महिन्यांचा कोर्स करून डॉक्टर होता येतं का? इलेक्ट्रोपॅथीचं काय?

होता येत नाही. गावोगावी एजंट फिरतात, शेतकऱ्याच्या पोराला सर्टिफिकेट विकतात, फी घेतात आणि मग पोरगं बोगस डॉक्टर म्हणून पोलीस केसमध्ये अडकतं. इलेक्ट्रो-होमिओपॅथीला केंद्रानं मान्यता दिलेली वैद्यक पद्धत म्हणून दर्जा नाही. योग शिक्षक, ॲक्युपंक्चर यांचे आपापले वेगळे नियम आहेत, ते काम चांगलं आहे, पण योग शिकवणं आणि औषध देणं यात मिसळमिसळ नको.

मुलीला या लाईनला घालावं का?

घाला. गावात बाईला "अंगावरून पांढरं जातं" हे पुरुष डॉक्टरला सांगता येत नाही, ती वर्षानुवर्षं सहन करते. मी बसायला लागले आणि पहिल्या काही महिन्यांतच कळलं की गर्भाशय खाली उतरलेल्या, रक्त कमी असलेल्या, पाळीच्या त्रासानं हैराण बायका किती आहेत. त्यातल्या कितीतरी जणींना मी नुसतं योग्य ठिकाणी पाठवलंय. लग्नानंतर "घरीच दवाखाना टाक, जमेल तसं बस" असं सासरचे म्हणतात, त्याला हो म्हणू नका. वेळ ठरवून बसल्याशिवाय पेशंट टिकत नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर बोर्डावर दोघांची नावं सारख्या अक्षरात लिहा, आणि गल्ला पण दोघांनी बघा.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

आता बसतं, विमा नियामकानं २०२४ मध्ये आयुष उपचार इतरांच्या बरोबरीनं धरायला सांगितलंय. पण ॲडमिट असावं लागतं आणि हॉस्पिटल त्यांच्या निकषात बसावं लागतं. साध्या ओपीडीचे पैसे मिळत नाहीत.

येताना काय घेऊन यावं?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि बाकी कोणाकोणाचं काय चालू आहे ते सगळं. तीन डॉक्टरांची औषधं एकदम चालू असतात आणि आम्हाला सांगत नाहीत, वाटतं राग येईल. नाही येत. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असताना कोणी हिजामा किंवा जळवा करून घ्यायला बसलं तर काय होईल विचार करा.

रात्री डॉक्टरला फोन केला तर चालेल का?

चालेल, मी उचलते. पण काही गोष्टींसाठी आधी १०८ लावा, मग मला. साप चावला, फवारणीचं औषध पोटात गेलं किंवा फवारताना चक्कर-उलटी सुरू झाली, छातीत दुखून घाम फुटला, अर्धं अंग लुळं पडलं, बाळंतिणीला रक्त थांबेना, लहान लेकराला झटका आला. सापाला आवळून बांधू नका, चिरा मारू नका, कुठली मुळी उगाळून पाजत बसू नका, लस उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिव्हिलला असते, चावलेला हात-पाय हलू न देता सरळ तिकडं न्या. गाडीत बसल्यावर मला फोन करा, पेशंटचं वय, किती वाजता झालं आणि कुठल्या गोळ्या चालू होत्या एवढं सांगा, म्हणजे तुम्ही पोचायच्या आत तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला मी कळवून ठेवते.